पेडलवर माझा पाय होता

जबाब

मी, खाली सही करणारी, वय ४८ वर्षे, धंदा घरी पडदे व गाद्यांच्या खोळी शिवणे, राहणार चढावरची वसाहत, वरच्या रांगेतले कोपऱ्याचे घर. आज कोणीही न बोलावता स्वतःहून ठाण्यात हजर झाले असून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती व आमची एकुलती एक मुलगी असे तिघे राहतो. पती एका गोदामात देखरेखीच्या कामावर आहेत. मुलगी २३ वर्षांची असून डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर तपासण्याचे काम करते. घरात तिला माऊ म्हणतात. मी इथेही माऊच म्हणणार, कारण दुसरे नाव घेतले तर ती कोणी दुसरीच मुलगी वाटते. लिहून घेणाऱ्या साहेबांनी हरकत घेतलेली नाही.

माझे धाकटे दीर चढाच्या पायथ्यापलीकडे दोन गल्ल्या सोडून राहतात. ते बसगाड्यांच्या कार्यशाळेत मेकॅनिक आहेत. पती त्यांना बारक्या म्हणतात, मी भावजी म्हणते. माझ्या पतींच्या तक्रारीवरून भावजींना कालपासून याच ठाण्यात बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले आहे. माझा आजचा जबाब त्यांच्याबद्दल आहे. रविवारी दवाखान्यात मी हवालदारसाहेबांना जे सांगितले होते, त्याबद्दलही आहे.

दोघा भावांचे संबंध कसे होते असे विचारल्यावरून सांगते की, भांडण असे नव्हते, पण येणेजाणे कमी झाले होते. माझ्या सासऱ्यांनी जाण्याआधी त्यांची पान्ह्यांची पेटी धाकट्याला दिली. पेटी जुनी, एका कोपऱ्याला चेपलेली. थोरला असून आपल्याला विचारलेसुद्धा नाही, हे माझ्या पतींच्या मनाला लागले. "त्याच्या कामाची आहे, त्याला दिली," असे मी एकदा म्हणाले होते. त्यावर पती म्हणाले, "म्हणजे मला काम येत नाही?" पुन्हा तो विषय मी काढला नाही.

माझ्या पतींना घरातली कोणतीही वस्तू स्वतः दुरुस्त करायची सवय आहे. बाहेरचा माणूस बोलावणे त्यांना कमीपणाचे वाटते. त्यांनी दुरुस्त केलेल्या वस्तू चालतात, पण आपापल्या मर्जीने. न्हाणीघरातला नळ त्यांनी बदलल्यापासून गरम पाणी गार तोटीला येते. पाहुण्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो आणि त्यावर घरात हसणे होते. हे मला विचारलेले नाही, पण लिहून घ्यावे अशी विनंती आहे. ते वाईट बुद्धीने काही करतात असे मला कधी वाटले नाही.

आमच्या गाडीचा ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून करकर येत असे व गाडी एका बाजूला ओढत असे. पती म्हणाले की, कॅलिपर अडकतो आहे. कॅलिपर म्हणजे चाकाच्या आतल्या गोल तबकडीला दोन्हीकडून चिमट्यात धरणारा भाग, असे त्यांनी मला सांगितले. गाडीच्या कंपनीचा भाग न घेता त्यांनी बाजारातला, लाल रंग दिलेला जोड पार्सलने मागवला. लाल कशाला, असे माऊने विचारले. "चाकातून दिसतो," असे ते म्हणाले. "बाबा, ब्रेक दिसायला हवेत की लागायला?" असे माऊ म्हणाली. आम्ही तिघेही हसलो.

शनिवारी सकाळी पतींनी घरासमोर गाडी उचलून पुढची दोन्ही चाके काढली. नवे कॅलिपर वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले होते. नव्या जोड्यातली डावी आणि उजवी चप्पल लांबून सारखीच दिसते, तसे ते मला दिसले. मी खिडकीत मशीनवर बसले होते. पतींनी दोन्ही कॅलिपर एकट्यानेच बसवले. त्या वेळी भावजी तिथे नव्हते. ही गोष्ट तक्रारीत आलेली नाही असे मला समजले, म्हणून ती मी मुद्दाम सांगते.

दुपारी पतींनी मला हाक मारली. ब्रेकची नळी उघडली की तेलात हवा शिरते आणि ती बाहेर काढावी लागते. त्याला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचे आणि धरून ठेवायचे, दुसऱ्याने चाकापाशी बसून कॅलिपरवरची छोटी निपल उघडायची, म्हणजे हवा आणि तेल बाहेर येते. निपल बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचे नाही. सोडले तर हवा परत आत जाते. मी चालकाच्या जागेवर बसले. ते चाकापाशी बसून "दाब", "धर", "सोड" असे सांगत होते. मी घाई केली तेव्हा म्हणाले, "हे शिलाई मशीनचं पेडल नाही." मी म्हटले, "मशीनचं असतं तर एव्हाना पडदा झाला असता."

बराच वेळ हे चालले. नळीतून बुडबुडे यायचे थांबले, असे पती म्हणाले. पण पेडल घट्ट झाले नव्हते. मऊ गादीत पाय रुतावा तसा माझा पाय खाली जात होता. लागोपाठ दोनदा दाबले की थोडे घट्ट लागे, मग पुन्हा तसेच. मी तसे सांगितले. "पॅड नवे आहेत, बसायला वेळ लागतो," असे ते म्हणाले. मी पुन्हा सांगितले. ते निपलच आवळत राहिले. मी विचारले, "भावजींना फोन लावू का?" त्यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. आमच्या घरात याचा अर्थ हो असा होतो. फोन मी लावला.

भावजी उन्हे उतरताना आले. बरोबर सासऱ्यांची पेटी होती. पेटी उघडताना पती दुसरीकडे बघत होते. भावजींनी मला पुन्हा आत बसवले आणि स्वतः डाव्या चाकापाशी आडवे झाले. "दाबा वहिनी. धरा. सोडा." चार-सहा वेळा झाल्यावर ते थांबले. बॅटरीचा उजेड पाडून त्यांनी डावे चाक पाहिले, मग गाडीला वळसा घालून उजवे पाहिले. मग पतींना बोलावले.

शेजारच्यांचा पाण्याचा पंप चालू होता. गाडीच्या काचा वर होत्या, कारण त्या पंपाच्या आवाजाने माझे डोके दुखते. त्यामुळे दोघे काय बोलले ते मला ऐकू आले नाही. समोरच्या काचेतून मला जे दिसले तेवढेच सांगते. भावजींनी आपले दोन्ही हात एकमेकांवरून फिरवून इकडचा तिकडे, तिकडचा इकडे असे केले. पतींनी मान हलवली. भावजी खाली बसले आणि कॅलिपरच्या खालच्या अंगाला बोटाने टकटक केले. पती काहीतरी बोलले. मग त्यांनी भावजींच्या हातातला पान्हा काढून घेतला आणि पेटीत टाकला. तो आवाज मात्र काचेतूनही ऐकू आला.

भावजी माझ्या बाजूला आले. मी काच खाली केली. ते म्हणाले, "वहिनी, ती चावी..." तेवढ्यात मागून पती म्हणाले, "तू नीघ आता, बारक्या." भावजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, पेटी उचलली आणि गेले. चहा टाकलेला होता, तोही घेतला नाही. काय झाले, असे मी पतींना विचारले. ते म्हणाले, "काही नाही. त्याला प्रत्येक गोष्टीत शहाणपणा शिकवायचा असतो." नंतर चाके लावून त्यांनी आमच्याच रांगेत, सपाटीवर, गाडी पुढे-मागे केली आणि "झकास" म्हणून आत आले.

रविवारी सकाळी माऊला मैत्रिणीकडे जायचे होते. तिने गाडी मागितली. पतींनी चावी दिली. मी खिडकीत होते. ते तिला म्हणाले, "ब्रेक नवे आहेत, जरा आधीपासून दाब. आणि दोनदा दाब." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. नव्या वस्तूला काहीतरी सांगावे लागतेच, आमच्याकडे तर लागतेच.

पुढचे मी पाहिलेले नाही. आवाज ऐकून धावत गेले. मागाहून कळले ते असे की, चढाच्या वळणावर कुत्रे आडवे आले, माऊने ब्रेक दाबला, तो थेट तळाला टेकला. हातब्रेक ओढल्यावर गाडी फिरली आणि पायथ्याशी किल्ल्या बनवणाऱ्या काकांच्या टपरीत घुसून भिंतीवर थांबली. मी पोहोचले तेव्हा रस्ताभर किल्ल्या पसरल्या होत्या. लोक काकांना टपरीखालून ओढत होते. माऊ स्टिअरिंगवर डोके टेकून होती आणि तिचा उजवा पाय ब्रेकवरच होता. मी तो हातांनी उचलून बाजूला केला.

माऊचे खांद्याचे हाड मोडले आहे व डोक्याला टाके आहेत. किल्लीवाल्या काकांच्या पायात सळई घालावी लागली. ते पुन्हा उभे राहतील असे डॉक्टर म्हणतात, काठीशिवाय की काठीने ते सांगत नाहीत. आमच्या घराच्या किल्ल्या त्यांनीच बनवलेल्या आहेत. शुद्धीवर आल्यावर त्यांनी निरोप पाठवला की, पोरीला रागावू नका. तो निरोप मी माऊला अजून सांगितलेला नाही.

दवाखान्यात हवालदारसाहेबांनी पतींना विचारले की, ब्रेकचे काम कोणी केले. पती म्हणाले, "काल माझ्या भावाने हात लावला होता." हे खोटे नव्हते. संध्याकाळी तेच वाक्य "काम त्यानेच केलं" असे झाले. सोमवारी सकाळी तक्रार लिहून देताना "मुद्दाम केलं" असे झाले. मी तिन्ही वेळा शेजारी उभी होते आणि तिन्ही वेळा मला ते खरे वाटले.

मला ते का खरे वाटले, असे विचारल्यावरून सांगते की, डोक्यात एकदा किडा शिरला की सगळे त्यालाच जुळते. भावजी काम अर्धवट टाकून गेले. चहा घेतला नाही. गाडी स्वतः चालवून पाहिली नाही, एरवी ते चालवून पाहिल्याशिवाय सायकलसुद्धा परत देत नाहीत. दवाखान्यात आले तेव्हा आत न येता फाटकाशी उभे राहिले. मी वरून पाहिले तर त्यांनी मान खाली घातली. मला वाटले, चोराच्या मनात चांदणे. आत यायला पतींनीच त्यांना मनाई केली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

आणि चावी. हवालदारसाहेबांनी काही संशयास्पद आठवते का असे विचारले, तेव्हा मीच सांगितले की, दीर जाताना गाडीची चावी मागत होते. पतींनी ते ऐकले. तक्रारीत त्याचे असे झाले की, भावाने मागाहून येऊन गाडीत काही करण्याच्या हेतूने चावी मागितली. तो शब्द माझ्या तोंडून निघाला होता. अर्थ माझा नव्हता. पण तो अर्थ लावला गेला तेव्हा मी गप्प राहिले, हेही लिहावे.

सोमवारी भावजींना ठाण्यात बोलावले. काल संध्याकाळी माझी धाकटी जाऊ घरी आली. पती दवाखान्यात माऊपाशी होते. ती बसली नाही. दारातच म्हणाली, "ताई, ते काही बोलत नाहीत. साहेबांनी किती विचारलं, तरी एकच, दादाला विचारा. मलाही सांगत नाहीत. म्हणतात, दादाची पोरगी पडून आहे, त्यात मी दादाला उभा करू का?"

मी म्हटले, "कुठे उभं करायचं?"

ती म्हणाली, "ते मला काय ठाऊक? पेडलवर तुमचा पाय होता. तुम्हाला काहीच कळलं नाही?"

मी तिला घालवून दिले. दार लावले. मग दाराशीच उभी राहिले. काचेतून दिसलेले ते दोन हात, इकडचा तिकडे, तिकडचा इकडे, तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. माणूस जर काही लपवून बिघडवणार असेल तर तो आधी मालकाला बोलावून, उजेड पाडून दाखवेल का, असा विचार मला पहिल्यांदा तेव्हा आला. आल्याबरोबर तो मी दाबूनही टाकला, कारण त्याच्या पुढचा विचार माझ्याच घरात येत होता.

पतींना मी रात्री काही विचारले नाही. ते जेवले नाहीत. रविवारपासून ते धड जेवलेले नाहीत. दवाखान्यात माऊची उशी ते इतक्या वेळा सरळ करतात की ती म्हणते, "बाबा, उशीला तरी बरं वाटू द्या." दोन वेळा मी त्यांना जिन्यात एकटे बसलेले पाहिले. हे सगळे पाहूनही माझा संशय वाढतच होता. दुःखी माणूस आणि घाबरलेला माणूस लांबून सारखेच दिसतात, असे मला वाटले.

अपघातानंतर गाडी ओढून आमच्या घरासमोर आणून लावली आहे. सरकारी तपासनीस बुधवारी येऊन पाहणार आहेत. तोवर तिला हात लावायचा नाही, या अटीवर ती पतींच्या ताब्यात दिली आहे. तशी सही पतींनी माझ्यासमोर केली होती.

आज दुपारी माऊचे कपडे न्यायला मी दवाखान्यातून घरी आले. पती कामावर जातो असे सांगून सकाळीच निघाले होते. ते कामावर नव्हते. वसाहतीत दुपारी सामसूम असते. गाडी उचललेली होती, पुढची दोन्ही चाके काढून भिंतीला टेकवली होती आणि पती चाकाच्या जागी पाय पसरून बसले होते. मला पाहून ते दचकले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे काही आले. म्हणाले, "बरं झालं आलीस. बस आत. पेडल मार."

मी विचारले, "कशाला?"

"उद्या तपासणीवाला येणार. जरा नीट करून ठेवतो."

"हात लावायचा नाही म्हणून सही केलीत ना?"

"अगं, नीटच करतोय. बिघडवत नाहीये."

मी गाडीत जाऊन बसले. का बसले ते मला सांगता येत नाही. ते म्हणाले की मी बसते, ती सवय असावी. बसताना मला चाकाची बाजू दिसली. शनिवारी हवा काढताना नळी कॅलिपरच्या खालच्या अंगातून निघत होती आणि बाटली थेट जमिनीवर ठेवली होती. आज नळी वरच्या अंगातून निघून, वाकून, खाली बाटलीत आली होती. दुसऱ्या बाजूलाही तसेच होते. लाल कॅलिपर तेच होते. फक्त इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे झाला होता.

"दाब," असे ते म्हणाले.

मी पाय पेडलवर ठेवला होता. दाबला नाही.

"दाब म्हटलं ना."

मी विचारले, "भावजी शनिवारी काय म्हणाले होते?"

मला गाडीतून त्यांचे फक्त डोके दिसत होते. केसांना तेलाचा हात लागलेला होता.

"अहो, मी विचारते आहे. भावजी काय म्हणाले होते?"

"दाब गं. वेळ नाही."

"आधी सांगा."

ते चाकाकडे बघतच म्हणाले, "म्हणाला, डावं-उजवं झालंय. निपल वर पाहिजे, ती खाली गेलीय. हवा वरच्या बाजूला राहते, ती खालून कशी निघणार? दिवसभर पेडल मारलं तरी निघणार नाही, म्हणाला. दोन्ही उतरव, म्हणाला."

"मग?"

"मग काय? सकाळपासून खपलो होतो. तो येतो, एक बॅटरी मारतो आणि सांगतो सगळं उलटं आहे. बाबांची पेटी पुढ्यात ठेवून सांगतो. मी म्हटलं, रविवारी बघू. उद्या निवांत उतरवू."

"आणि चावी?"

ते म्हणाले, "चावी मला दे म्हणाला. उतरवेपर्यंत गाडी निघायला नको."

मी विचारले, "रविवारी माऊने मागितली तेव्हा हे आठवत होतं ना?"

त्यांनी हातातला पान्हा खाली ठेवला. मी पुन्हा विचारले नाही, कारण "दोनदा दाब" हे त्यांचे शब्द मी ऐकले होते. ज्याला आठवत नाही तो दोनदा दाब असे सांगत नाही. मग तेच म्हणाले, "पायथ्यापर्यंत जाईल असं वाटलं. मी आणली होती ना सपाटीवर. थांबत होती." आणि मग म्हणाले, "नाही कसं म्हणायचं होतं तिला? काय सांगायचं होतं, की बारक्या म्हणाला तेच खरं होतं?"

त्यानंतर ते रडले. मी गाडीतून उतरले. त्यांना पाणी दिले. हात पुसायला फडके दिले. त्यांनी पुन्हा पेडल मारायला सांगितले नाही. मी म्हटले, "तुम्ही स्वतः येऊन सांगता की मी जाऊ?" ते म्हणाले, "माऊला कळेल." मी म्हटले, "माऊ गाडीत होती."

तिथून मी आधी दवाखान्यात गेले. ठाण्यात सांगण्याआधी माऊला सांगावे असे मला वाटले. हे नियमात बसते की नाही ते मला माहीत नाही. मी सांगत असताना ती खिडकीकडे बघत होती. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आई, मी दोनदा दाबला होता." थोड्या वेळाने म्हणाली, "तिसऱ्यांदा पण दाबला." रविवारी हवालदारसाहेबांना काही आठवत नाही असे तिने सांगितले होते. आठवत होते का, असे मी विचारले. तिने मान हलवून हो म्हटले. "बाबा समोर उभे होते," असे ती म्हणाली. तिला त्रास होईल अशा तऱ्हेने आणखी काही विचारू नये, अशी माझी विनंती आहे. ती स्वतः सांगायला तयार आहे.

ठाण्याच्या पायऱ्या चढताना भावजी बाकावर दिसले. त्यांच्या अंगावर शनिवारचाच शर्ट होता. मी त्यांच्यापुढे उभी राहिले. माफी कशी मागतात ते त्या वेळी मला सुचले नाही. मी म्हटले, "भावजी, मी सांगायला आले आहे." ते लगेच उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, दादाला एकट्याला घरी ठेवून आलात?" मग म्हणाले, "कोणीतरी असायला हवं त्याच्याजवळ." दोन दिवस ज्याच्या तक्रारीवरून हा माणूस बाकावर बसला होता, त्याच्याबद्दल त्याने मला विचारलेले हे पहिलेच वाक्य होते. माझी जाऊ तिथेच डबा घेऊन बसली होती. तिनेही ते ऐकले. डब्याचे झाकण लावले आणि ती आमच्या घराकडे गेली.

याबद्दल माझ्याकडे काही पुरावा आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, कागदावर काही नाही. जे पायाला जाणवले, डोळ्यांनी दिसले आणि आज कानांनी ऐकले, तेवढेच आहे. गाडी आता शनिवारच्या स्थितीत नाही. दोन्ही कॅलिपर आज माझ्या पतींनी अदलाबदल करून बसवलेले आहेत. हवा मात्र काढलेली नाही, कारण मी पेडल दाबले नाही. तपासनीस साहेबांनी पाहताना हे लक्षात घ्यावे.

माझ्या पतींवर दडपण आणून मी हे बोलायला लावलेले नाही. माझे आणि त्यांचे भांडण नाही. हा जबाब देऊन मी त्याच घरी जाणार आहे.

माझी विनंती अशी की, रविवारी चावीबद्दल मी जे सांगितले त्यापुढे आजचे वाचावे. माझे दीर चावी मागत होते, हे खरे आहे. ती मागण्यात घरातल्या कोणाचाही जीव जाऊ नये एवढाच त्यांचा हेतू होता. चावी माझ्या हाताजवळच होती. त्यांना आजच घरी जाऊ द्यावे.

जबाब चालू असताना हवालदारसाहेबांनी येऊन सांगितले की, माझे पती माझ्या जाऊबरोबर ठाण्याच्या आवारात आले आहेत व त्यांना स्वतः काही लिहून द्यायचे आहे. मी त्यांना भेटायची मागणी केलेली नाही. त्यांचे त्यांनी सांगावे. माझे सांगणे त्यामुळे कमी-जास्त होत नाही.

लिहिलेला जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "पतीने अनवधानाने गाडीची चावी मुलीला दिली" असे आले. लिहून घेणाऱ्या साहेबांनी ते चांगल्या मनाने लिहिले असावे. "अनवधानाने" हा शब्द मी सांगितलेला नाही. तो काढावा असे मी म्हणाले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि तो शब्द खोडला. खोडलेल्या जागी मी सही केली आहे. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.